शिक्षा संपते, शिक्का राहतो

'उचल्या' शिकवताना 'दाहक', 'विदारक' ही विशेषणे फळ्यावर लिहिली की आपले कर्तव्य संपले, अशी आपणा मराठीच्या प्राध्यापकांची समजूत दिसते. लक्ष्मण गायकवाडांच्या या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपली चर्चा मात्र 'अनुभवविश्व' आणि 'बोलीचे वेगळेपण' यांपुढे फारशी सरकलेली नाही. माणसाला गुन्हेगार कोण ठरवतो आणि त्या ठरवण्याला मुदत असते की नाही, हा मूळ प्रश्न आपण प्रश्नपत्रिकेत येऊच देत नाही.

गुन्हेगार जमातींचा १८७१चा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यात आरोपाआधीच जन्माने दोषसिद्धी होत असे. १९५२ मध्ये तो रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला. नाव बदलले, नजर तीच राहिली. दरोडा कुठेही पडो, पोलीस आधी आमच्याच पालावर येतात, ही श्रीगोंदा-कर्जतकडच्या पारध्यांची तक्रार आपल्या नगर जिल्ह्याला नवी नाही.

नाशिक जिल्ह्यातील २००३च्या दरोडा-हत्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देवविली. गुन्हा आणि सुटका यांत जवळपास सोळा वर्षे गेली. निकालपत्राने शिक्षा पुसली; गावाच्या मनातला शिक्का पुसण्याची तरतूद कोणत्या कलमात आहे?

यावर आक्षेप येईल की, सगळेच निर्दोष नसतात. मान्य. पण ज्याने खरोखर गुन्हा केला आणि शिक्षा भोगली, त्याचे काय? दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षांनी निवडणुकीला पुन्हा पात्र ठरतो. त्याच्या कलंकाला कायद्यानेच मुदत दिली आहे. पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यावाचून ज्याला साधी नोकरी मिळत नाही, त्याला ही सवलत कोण देतो?

दोषसिद्धीने माणूस कायमचा बाद होतो, हे आपण तरी कुठे मानतो? १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल दोषी ठरलेल्या टिळकांचे मंडालेतले 'गीतारहस्य' आपण आदराने वाचतो. टिळकांचा 'गुन्हा' राजकीय होता आणि चोरी राजकीय नसते, हे खरेच. परंतु पोटासाठीची चोरी आणि जन्माची जात यांतला फरकही ज्या समाजाला करता येत नाही, त्याने नैतिक विवेकाच्या गोष्टी सांगू नयेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. न्यायालय आपली भाषा तपासते आहे. समीक्षेने निदान 'विदारक' हा शब्द बाजूला ठेवून विचारावे: हे विदारक कोणी केले? हा प्रश्न न विचारणारी आस्वादक समीक्षा सहृदय नव्हे. ती त्या पहाऱ्यातलीच एक पहारेकरी आहे.