तयार वाटीचा फोटो नको, कढईतला दाखवा

ईदच्या सकाळी प्रत्येकाच्या फोनवर एकच वाटी फिरत असते. काचेची, काठोकाठ भरलेली, वर पिस्त्याचे काप, मागे नवं कोरं दस्तरख्वान. खाली चार ओळी: दूध आटवा, शेवया तुपात परता, खारीक-मेवा घाला, साखर अंदाजाने. झाली शीरखुर्म्याची रेसिपी! त्यावर शंभरेक माशाअल्लाह पडतात आणि एकाही घरात त्या चार ओळींवरून शीरखुर्मा होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. गोड पदार्थाची कृती दुसऱ्याला द्यायची असेल, तर मधल्या प्रत्येक टप्प्याचा फोटो द्या. ते जमत नसेल तर त्या सजवलेल्या वाटीचाही देऊ नका. ती वाटी म्हणजे तुमच्या घरची शोभा आहे, शिकणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

गोडाबद्दलच एवढा हट्ट का? कारण सालन बिघडलं तर सावरता येतं. मीठ जास्त झालं तर बटाटा टाका, तिखट झालं तर दही फेटून घाला. गोडात परतीचा रस्ता नाही. शेवया करपल्या की करपल्या. दूध फाटलं की फाटलं. पाक एक तारेवरून दोन तारेवर गेला की हाताशी दगड उरतो. आणि नेमक्या या जागांवर आपली भाषा सर्वात मोघम होते. गुलाबी रंग येईपर्यंत, खमंग वास सुटेपर्यंत, तूप सुटेपर्यंत. ज्याला येतं त्याला हे शब्द कळतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते कोडं आहे.

शेवयाच घ्या. मराठवाड्यात आजही काही घरांत गव्हाच्या शेवया घरी करून बाजेवर वाळवतात. त्यांचा मूळ रंगच पिवळट-तांबूस असतो. मैद्याच्या बारीक शेवया पांढऱ्या. पाकिटातल्या भाजक्या शेवया दुकानातून येतानाच तपकिरी. आता या तिघींना "गुलाबी होईपर्यंत परता" असं एकच वाक्य सांगून काय होणार? भाजक्या शेवया त्या मुलीने पुन्हा पाच मिनिटं परतल्या तर दुधात कडवटपणा उतरणारच. तिथे तीन फोटो हवेत: कोऱ्या शेवया, बरोबर परतलेल्या, आणि हाताबाहेर गेलेल्या. हो, बिघडलेल्याचाही. किंबहुना त्याचाच जास्त. कुठे थांबायचं ते बिघडलेला घासच सांगतो.

खारकेचंही तसंच. रात्रभर भिजवायची, बी काढून उभी चिरायची, इथवर सगळे सांगतात. किती पातळ? नखाएवढी की दोऱ्यासारखी? शीरखुर्म्यात ती जीभेवर विरघळणार की दाताखाली येणार, ते या चिरण्यावर ठरतं. सुरीशेजारी ठेवलेल्या एका कापाचा फोटो दोन परिच्छेदांचं काम करतो. आणि ओला खजूर उकळत्या दुधात आधीच टाकला तर दूध फाटू शकतं, म्हणून तो शेवटी, आच बंद करताना. हा क्रम आपल्या बायकांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे, पण कागदावर येताना "मेवा घाला" या दोन शब्दांत गडप होतो.

(जाता जाता: शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही फारसी. मराठीत त्याचा "शिरकुर्मा" करून आपण त्याला भाजीच्या कुर्म्याचा भाऊ करून टाकलं आहे. दुसऱ्यांना काय बोलणार, आपलीच मुलं तसं लिहितात.)

आक्षेप येतात ते मला पाठ आहेत. पहिला: आमच्या अम्मीला कुठे फोटो लागत होते? नव्हते लागत, कारण अम्मीसमोर तिची अम्मी उभी होती. आठ-दहा वर्षं रोज चुलीशेजारी बसून बघणं, हेच तिचं टप्प्याटप्प्याचं चित्र होतं. पुण्याच्या होस्टेलवर राहणारी मुलगी, आई नसलेल्या घरात वाढलेला पोरगा, दुबईत एका खोलीत चौघांसोबत राहून ईद करणारा माणूस, यांच्यासमोर कोण उभं आहे? कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याचं माप देऊन "अंदाजाने" या शब्दाची बरीच सुट्टी केली. माप कागदावर मांडता येतं हे त्या पुस्तकाने दाखवलं. रंग आणि घट्टपणा मात्र शब्दांत मावत नाहीत, आणि आता खिशात कॅमेरा असताना तोच जुना मोघमपणा चालवून घ्यायचं कारण उरलेलं नाही.

दुसरा आक्षेप: व्हिडिओ आहेत की. आहेत. तीस सेकंदांत पंचेचाळीस मिनिटांचं दूध आटतं, मागे नात वाजते किंवा सिनेमाचं गाणं. पिठाने माखलेल्या बोटांनी तो थांबवायचा कसा? फोटो थांबलेलाच असतो. फोन फळीवर टेकवा, कढईतलं आणि पडद्यावरचं शेजारी-शेजारी ताडून पाहा. ज्या खालाला वाचता येत नाही, तिलाही तो कळतो.

तिसरा आक्षेप घराघरात हळू आवाजात येतो, आणि खरी अडचण तीच आहे. बाईचे हात दिसतात. बांगड्या दिसतात. लोक काय म्हणतील? मी अशा घरांत पाहिलं आहे की बिर्याणीच्या देगीसमोर बाह्या सरसावून उभ्या असलेल्या भटाऱ्याचा फोटो अभिमानाने फिरतो, आणि चोंग्यांवर नक्षी उमटवणाऱ्या बाईचा हात कापून टाकला जातो. दीनचा आधार द्यायचा असेल तर नीट द्या. फिक्हच्या बहुतेक जुन्या जाणकारांनी चेहरा आणि मनगटापर्यंतचे हात सतरमध्ये धरलेले नाहीत. तसवीरीवरचा जुना वाद आहे तो सजीवांच्या चित्रांचा, कढईत कोणी जिवंत नसतं. आणि एखादीला स्वतःलाच हात दाखवायचे नसतील, तर तो तिचा निर्णय, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पळी कढईत ठेवून हात मागे घ्या आणि फोटो काढा. पण बाईने न विचारता तिच्या वतीने घरातल्या पुरुषांनी हा निर्णय घ्यायचा, आणि तयार वाटीचा फोटो मात्र स्वतःच्या नावाने फिरवायचा, याला मी परदा म्हणत नाही.

हे नवं नाही. मांडूचा सुलतान गियासशाह याच्यासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस 'निमतनामा' हे पाकपुस्तक तयार होऊ लागलं, ते त्याचा मुलगा नासिरशाहच्या काळात पुरं झालं. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात पन्नास चित्रं आहेत. चुली आहेत, भांडी आहेत, काम करणाऱ्या बायका आहेत. पण मिशाळ सुलतान चित्रामागून चित्रात ठळक बसलेला, आणि ढवळणारीचं नाव नाही. पाचशे वर्षांपूर्वी निदान ती चित्रात तरी होती. आपण तिला चौकटीबाहेर काढलं.

म्हणूनच मला टप्प्यांचे फोटो ही निव्वळ सोय वाटत नाही. वाटीचा फोटो पदार्थ आपोआप झाल्यासारखा दाखवतो. दूध आटवतानाचे चार फोटो दाखवतात की पाऊण तास कोणीतरी कालथा हलवत उभं होतं, रोज्याच्या शेवटच्या रात्री, सगळे चाँद-रातीच्या बाजारात असताना. भांड्याच्या कडेला दुधाची पहिली रेघ आणि तिच्याखाली उतरलेली दुसरी, या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तिची मेहनत. लिटरभर दूध पाऊण लिटरवर कसं येतं ते डोळ्यांना दिसू द्या. मग "आज काय विशेष केलं?" असं विचारायची हिंमत होणार नाही.

आणि घराण्याचं गुपित म्हणून कृती दाबून ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! मोहरमचे चोंगे नीट करणाऱ्या बायका आमच्याकडे आता मोजक्या आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. कणकेत गूळ किती हे त्या सांगतील. पण नक्षी उमटताना कणीक किती घट्ट हवी, चोंगा फुगू न देता कसा शेकायचा, हे त्यांच्या तोंडून येत नाही, हातातून येतं. त्यांच्याशेजारी नातीने फोन घेऊन बसावं, एवढंच मागणं आहे. चांगला कॅमेरा नको, खिडकीचा उजेड पुरतो. पांढरी ताटली नको, रोजचीच कढई. प्रत्येक फोटो त्याच जागेवरून, शेजारी एक चमचा, म्हणजे आकार कळेल. खाली किती मिनिटं झाली ते लिहा.

शीरखुर्म्याचा एक फोटो मात्र सगळेच विसरतात. उतरवल्यावर तो पातळ दिसतो, म्हणून नवशिकी घाबरून आणखी मूठभर शेवया टाकते आणि पाहुणे येईपर्यंत त्याची खीर नव्हे, लापशी होते. तेव्हा तासाभराने त्याच पातेल्याचा पुन्हा फोटो काढा, शेवयांनी दूध पिऊन घेतल्यानंतरचा. आणि मग वरून किती कप गरम दूध ओतलंत, तेही लिहा.