ढास गोळीची, उपचार घशाचा

रक्तदाबाची गोळी सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की काहींना कोरडी ढास लागू लागते. कफ नाही, ताप नाही. पण रात्री आडवे झाले की घशात खवखव. आधी घरचे हळद-दूध, मग मेडिकलमधून आणलेली खोकल्याची बाटली, त्यानंतर अँटिबायोटिक आणि शेवटी छातीचा एक्स-रे. एक्स-रे स्वच्छ! रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या गोळीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असणारी ही औषधे. ब्राझीलमधील जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून त्यांची वाट सापडली आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिलला अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ ज्या एन्झाइममुळे तयार होतो, त्यालाच ही औषधे रोखतात. पण ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाटही तेच एन्झाइम लावते. ते थांबले की ब्रॅडिकायनिन साठते आणि ढास लागते. स्त्रियांमध्ये आणि आशियाई लोकांमध्ये हे प्रमाण जास्त. हृदय कमकुवत झालेल्यांचे आयुष्य याच औषधांनी वाढवले, हेही तितकेच खरे.

खोकल्याच्या बाटलीने ही ढास जात नाही. उलट सर्दी-खोकल्याच्या काही मिश्रणांत फिनाइलएफ्रिन असते आणि ते रक्तदाब वाढवू शकते! अ‍ॅम्लोडिपिनने पावलांवर येणाऱ्या सुजेचीही तीच गत. किडनीची शंका निघते, लघवी वाढवणारी गोळी जोडली जाते, सूज फारशी उतरत नाही.

खरा दोष न सांगण्याचा आहे. आधीच सांगितले तर रुग्ण धास्तावेल, असे डॉक्टरांना वाटते. ही भीती अगदीच खोटी नाही. त्रासाची धास्ती घेतली की त्रास जाणवतो, हे स्टॅटिनच्या चाचणीत दिसले आहे. पण न सांगितलेला रुग्ण काय करतो? गोळी गुपचूप बंद करतो आणि पुढच्या भेटीत ‘घेतोय ना’ म्हणतो. बीटा-ब्लॉकर गटातील गोळी अशी अचानक सोडली, तर हृदयविकाराच्या रुग्णाचे छातीतले दुखणे उफाळू शकते.

‘कोरडा खोकला आला तर कळवा, गोळी बदलू,’ एवढे वाक्य चिठ्ठी लिहिताना पुरे. बदलीला टेल्मिसार्टन, लोसार्टन अशी ‘सार्टन’ गटातील गोळी असते. तिने ढास क्वचितच लागते. जुनी गोळी थांबल्यावर खोकला सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, कधी तीन महिनेही घेतो. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठावे.