घर एक, बहिणी वेगळ्या

एकाच आईबापांच्या मुली, एकाच ताटातले खाऊन वाढलेल्या, तरी एक अबोल आणि दुसरी बंडखोर कशी, याचे नवल आपल्याकडे अजून ओसरलेले नाही. खरे तर घर एक असले, तरी प्रत्येकीच्या वाट्याला ते वेगळे येते. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर १२ वर्षांच्या, आशा ८ आणि उषा ६ वर्षांच्या होत्या. आघात एकच, पण थोरलीला चित्रपटात काम पत्करून घर ओढावे लागले, धाकट्या त्या मिळवत्या बहिणीच्या आधाराने वाढल्या.

मग सारा खेळ जन्मक्रमाचाच, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतील २०,०००हून अधिक लोकांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही. रक्ताचा वाटा आहेच, पण तोही सख्ख्या बहिणींना सारखा मिळत नाही. क्रमांकापेक्षा कोणत्या वयात काय वाट्याला आले, कोणती मैत्रीण, कोणत्या बाई भेटल्या, हे मोलाचे. म्हणून पालकांना कळकळीची विनंती : ‘ताईकडे बघून शीक’ हे वाक्य आजपासून बंद करा.