सहा वर्षं पुढाऱ्याची, जन्मभर आमची

दारू सोडली की लोक पाठ थोपटतात. गर्द सोडला तरी थोपटतात, जरा लांबून. पण सोडणारा आधी जेलात जाऊन आलाय हे कळलं, की तोच हात आपल्या खिशाकडे जातो. पाकीट आहे ना बघायला!

पुण्यात येरवड्याला जेलही आहे आणि १९८६ साली अनिल-अनिता अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगणही. आमच्या वस्तीतली पोरं दोन्हीकडून बाहेर पडतात. माझा एक दोस्त तसाच. गर्दपायी शिक्षा भोगली, मग उपचार घेतले, तीन वर्षं झाली, शिवलेला नाही. मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. म्हटलं, चल, पाठ मजबूत आहे तुझी. तर आत शिरायला पास, पासाला पोलिसांचा कागद, कागदावर जुनी केस. पोतं उचलायलाही चारित्र्य लागतं! जेलच्या कारखान्यात त्यानं केलेली टेबलं सरकारी कचेरीत चालतात. त्या टेबलाशेजारी तो शिपाई म्हणून उभा राहिलेला चालत नाही.

नियम दाखवणाऱ्यांनो, हा नियम वाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ८. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जेल भोगलेला माणूस सुटल्यावर सहा वर्षांनी आमदारकीला उभा राहू शकतो. खासदारकीलासुद्धा. कायदे करायच्या खुर्चीला सहा वर्षं पुरतात. मग वॉचमनच्या स्टुलाला किती? कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे जन्मभर.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात ६४-अ कलम आहे. व्यसनी माणसाजवळ थोडाच माल सापडला आणि तो आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. बंगल्यातल्या पोराचा वकील हे कलम रातोरात शोधतो. आमच्या पोराला चौकीत ते कोण सांगणार, हवालदार? पुडी तेवढीच. एकाचा इलाज होतो, दुसऱ्याची केस.

दोस्तहो, हा शिक्का आपल्याला नवा नाही. येरवड्याचं जेल उभं राहिलं १८७१ साली. त्याच साली गोऱ्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आईच्या पोटातूनच चोर! ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला, आणि १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. काय बदललं ते पारध्याच्या पोराला विचारा.

आम्हालाही सहा वर्षं द्या. शिक्षा संपून सहा वर्षं माणूस धड राहिला, तर पोलिसांच्या कागदावर ती केस यायची नाही. आणि तोवर खायचं काय? रिकाम्या हाताला गर्दवाला बरोब्बर गाठतो, तो चारित्र्याचा दाखला मागत नाही. म्हणून हमालीला, झाडलोटीला, भांडी घासायला दाखला मागणं आजच बंद करा. लेकराबाळांवर हात टाकणाऱ्यांच्या केसेस वेगळ्या ठेवा, त्याला माझी हरकत नाही.