भाराभर चिंध्या

मैत्रिणींनो, एक वाक्य आपल्या घरोघरी अगदी सहज बोललं जातं. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ डिसेंबरात मीही ते बोलले, आणि कुणाला, तर माझ्याच लेकीला. सातवीतली पोर. सकाळी चित्र, दुपारी मातीची बाहुली, संध्याकाळी स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे संवाद. गणिताची वही मात्र कोरी! रागाच्या भरात मी तिची रंगपेटी माळ्यावर टाकली. ती रडली नाही, नुसती गप्प झाली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

नाताळच्या सुटीत आम्ही जळगावहून धुळ्याला नणंदेकडे निघालो. चाळीसगावला गाडी बदलायची, हाताशी दोन-तीन तास मोकळे. हे म्हणाले, “स्टेशनाजवळच केकी मूस यांचं घर आहे, पाहून येऊ.”

केकी मूस म्हणजे आपल्या खानदेशचे कलामहर्षी. पारशी घराण्यातले, जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. १९३०च्या दशकात इंग्लंडला जाऊन कला शिकून आले आणि चाळीसगावच्या घरात जे राहिले, ते १९८९ साली जाईपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षांत ते क्वचितच उंबरठ्याबाहेर पडले. कुणाची तरी वाट पाहत होते, अशी गोष्ट गावात अजून सांगतात. पण हात रिकामे नव्हते, बरं का! छायाचित्रं, रंगचित्रं, मातीच्या मूर्ती, लाकडातलं काम, जपानी पद्धतीच्या कागदाच्या घड्या, शिवाय सतार. म्हणजे माझ्या हिशेबी चिंध्याच की!

लेक थांबली ती त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रांपाशी. यात छोट्या छोट्या वस्तू टेबलावर मांडून त्यांचा देखावा उभा करतात. काडीचं झाड होतं, मूठभर मातीचा डोंगर होतो. दिवा कुठे ठेवायचा, सावली किती लांब पाडायची, हे जमलं की फोटोत खरोखरचा मुलूख दिसतो.

“आई, हे तर आमच्या नाटकातल्या नेपथ्यासारखंच!” किती दिवसांनी ती आपणहून बोलली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या एका फोटोत चित्रकाराची नजर होती, मूर्तिकाराचा हात होता, रंगमंचावरचा उजेड होता. चिंध्या खऱ्याच, पण त्या जोडता आल्या तर गोधडी होते, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं की!

आता दुसरी बाजूही सांगते. केकींचे वडील गेल्यावर दुकानाचा व्याप त्यांच्या आईने, पिरोजाबाईंनी सांभाळला, असं सांगतात. एकाच्या कलेसाठी घरातलं कुणीतरी हिशेब बघत असतं, आणि बहुधा ती बाईच असते. आपल्या लेकींना अशी सवड कोण देणार? म्हणून गणित सुटत नाही. पण रंगपेटीही सुटायला नको.

आमच्या घरी आता असं ठरलंय. खिडकीजवळचं जुनं टेबल तिचं. त्यावर कुणी धुतलेले कपडे टाकायचे नाहीत. अभ्यास झाला की तासभर तिचा. एक वस्तू पुरी झाल्याशिवाय दुसरी हाती घ्यायची नाही. आणि फार महागाचं सामान आणायचं नाही. काडेपेट्या, चिंचोके, जुनी वर्तमानपत्रं पुष्कळ होतात. पोरीच्या कलेवर ‘याने काय होणार?’ असं विचारायला मात्र घरात सगळ्यांनाच बंदी. मलासुद्धा!

धुळ्याहून परतल्यावर मी स्टुलावर चढून पेटी खाली काढली. तिने झाकण उघडलं, बोटाने चाचपलं आणि म्हणाली, “आई, निळा पार सुकलाय गं.”

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. लेकीची, नाहीतर तुमची स्वतःची. सुकायच्या आत खाली काढा.