शब्दांच्या वाटा : खिडकी

लॅटिन भाषेत खिडकीला 'फेनेस्त्रा' म्हणत. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली आणि सुमारे ४१० पर्यंत तेथे रोमचा अंमल राहिला. अंमल गेला, शब्द मात्र तेथील केल्टिक भाषेत रुजून बसला. वेल्श कुटुंबात आजही खिडकीला 'फेनेस्त्र'च म्हणतात. इटालियन 'फिनेस्त्रा' व फ्रेंच 'फनेत्र' ही त्याची सख्खी भावंडे. फ्रेंचातला 'स' गळाला. स्वरावरचे टोपीसारखे चिन्ह तेवढे त्याच्या स्मरणार्थ उरले आहे!

आयर्लंड रोमन साम्राज्याबाहेरचे. तरीही शब्द तेथे पोचला आणि 'फ'चा 'स' होऊन 'सेनेस्तर' बनला. पुढे नॉर्स दर्यावर्दी आले व त्यांच्या शब्दाने त्यास हुसकून लावले. या नव्या शब्दाचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. इंग्रजी 'विंडो' त्याचाच वंशज. आपली 'वातायन' व 'गवाक्ष' ही नावे जणू एकत्र आली.

स्पॅनिशांनीही 'फेनेस्त्रा' सोडून वाऱ्यावरून 'व्हेंताना' केले. पोर्तुगीजांनी मात्र दार या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दाचे लघुरूप घेतले, 'जनेला', म्हणजे छोटे दार. तेच गोव्याच्या किनाऱ्याला लागले, आणि कोंकणी घरात 'जनेल' झाले.