पितळी काडतूस दाताने तोडून दाखवा

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या ऐतिहासिक नाटकांत चुकीची पिस्तुले दाखवतात याचा मला मनापासून राग आहे. चूक दाखवली की ‘लोकांना काय कळते’ हे उत्तर ठरलेले असते. त्याचा राग त्याहून मोठा आहे.

गेल्या हंगामात अर्जुनी मोरगाव तालुक्यात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री सत्तावनच्या उठावावरचा एक प्रयोग पाहिला. कंपनीचे नाव सांगत नाही, दुसरीकडेही हीच तऱ्हा आहे. मंगल पांडेच्या कमरेला चकचकीत निकेलचे रिव्हॉल्व्हर होते. त्याने चक्र बाजूला झटकून उघडले, आत भरलेली पितळी काडतुसे समोरच्या रांगांना दाखवली, मनगटाला हिसका देऊन ते मिटवले आणि सात-आठ बार काढले. त्याच प्रवेशात त्याच तोंडाने त्याने गर्जना केली की गाईडुकराची चरबी लावलेले काडतूस मी दाताने तोडणार नाही.

पितळेचे काडतूस दाताने तोडतो कोण? ज्या गोष्टीने बंगालची पलटण पेटली तीच इथे मोडीत निघाली आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते. कागदाच्या गुंडाळीत मोजकी दारू आणि शिशाची गोळी असे. शिपायाने टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग गोळी आत सारून गजाने ठासायची. गोळी सहज सरकावी म्हणून त्या भागाला चरबी. धर्म बुडण्याची भीती त्या कागदाच्या टोकात होती. ते टोक रंगमंचावर दिसत नसेल तर समोर बसलेल्या पोराला बंडाचे कारण कसे समजावे? त्याला एवढेच कळते की कोणीतरी चिडला आणि त्याने गोळ्या झाडल्या.

२९ मार्च १८५७ ला बराकपूरला जे घडले, ते हत्यार बदलले की अर्थहीन होते. लेफ्टनंट बॉ घोड्यावरून आला. मंगल पांडेची गोळी घोड्याला लागली. बॉने पिस्तूल झाडले, नेम चुकला आणि त्याला तलवार उपसावी लागली. दोन्ही बाजूंना हाताशी एकेक बार होता, म्हणून गोष्ट तलवारीवर आली. शेवटी मंगल पांडेने बंदुकीचे तोंड छातीला लावले आणि पायाने चाप दाबला. बंदूक इतकी लांब की हात चापापर्यंत पोहोचत नव्हता. त्या माणसाच्या आयुष्यातला हा सर्वांत दारुण क्षण. आमच्या मंचावर तो कानशिलाला रिव्हॉल्व्हर लावतो, हिंदी सिनेमातल्या सावकारासारखा. याला मी विटंबना म्हणतो.

सत्तावनमध्ये रिव्हॉल्व्हर नव्हतेच असे मी म्हणत नाही. होते, आणि ते नेमके कसे होते हेच कोणी पाहत नाही. सॅम्युएल कोल्टचे अमेरिकेतले पेटंट १८३६ चे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोल्ट आणि रॉबर्ट अॅडम्स दोघांनी आपली रिव्हॉल्व्हरे मांडली आणि १८५३ ते १८५६ कोल्टचा कारखाना खुद्द लंडनमध्ये चालला. हिंदुस्थानात येणारे गोरे अधिकारी अशी रिव्हॉल्व्हरे स्वतःच्या खिशातून घेत. देशी शिपायाला सरकारने ती कधीच दिली नाहीत. म्हणजे त्या प्रसंगात रिव्हॉल्व्हर कुठे असेल तर साहेबाच्या कमरेला. शिपायाच्या हातात ते दिले की दोघांतली तफावत पुसली जाते, आणि त्या तफावतीसकट तो उभा राहिला हेच तर सांगायचे असते.

कोल्टचे १८४९ चे खिशातले रिव्हॉल्व्हर घ्या. व्यास ०.३१ इंच, बहुधा पाच घरे, वजन पाऊण किलोच्या आसपास. तीन लाखांहून जास्त नग निघाले. ते भरायचे म्हणजे घोडा अर्धा ओढायचा, चक्र हाताने फिरवायचे, एकेका घरात काळी दारू टाकायची, वर घरापेक्षा किंचित मोठी गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबायची. गोळी आत जाताना शिशाची बारीक कडी सोलून बाहेर पडते. ती पडली नाही तर गोळी सैल बसली असे समजावे. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून वरून चरबी चोपडत. मग मागच्या पाच निपलांवर पाच टोप्या बसवायच्या, तांब्याच्या, नखाएवढ्याही नाहीत. एवढे करून पाच बार. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात अडकला की चक्र जागीच थांबते, म्हणून कसलेले लोक घोडा ओढताना नळी वर करून तो तुकडा झटकत. प्रत्येक बाराला पांढऱ्या धुराचा लोट उठे. नाटकवाल्यांना आणखी काय नाट्य हवे आहे? पाचवा बार झाला आणि साहेब रिकामा पडला, हा प्रवेश लेखकाला कष्ट न करता मिळतो. ते सोडून हे लोक बाजूला उघडणारे चक्र दाखवतात, जे कोल्टने १८८९ मध्ये आणले. बत्तीस वर्षांची चूक, तीही ढळढळीत प्रकाशात.

‘लोकांना काय कळते’ हे ऐकले की माझे डोके फिरते. देवरी, सालेकसा, पलीकडे गडचिरोली, या जंगलपट्टीत ठासणीची बंदूक ही कालपरवाची गोष्ट आहे. आम्ही तिला भरमार म्हणतो. रानडुकरांपासून धान राखायला आणि शिकारीला ती घरोघर असे, आणि गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या अजूनही येतात. पावसात रंजक भिजली की काय होते, गज काढायला विसरले की काय होते, हे समोर सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्या रात्री माझ्या शेजारचे एक आजोबा मोठ्याने म्हणाले, “ठासल्याबिगर कसी वाजते जी हे?” त्यांना कळत नाही असे म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या पुढ्यात बसून भरमार भरून दाखवावी.

सत्तावनसाठी लांब जायची तरी काय गरज? गोंदियाजवळच्या कामठ्याच्या चिमणा पटेलांनी १८१८ मध्ये, सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले परागंदा झाले असताना, इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा घेतला. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात हा प्रसंग बसवला होता, त्याचे मला मनापासून कौतुक वाटले. आणि मग पटेलांच्या माणसांनी खिशातून टिकल्यांची पिस्तुले काढली. १८१८ मध्ये कोल्ट चार वर्षांचा होता! कंपनीच्या शिपायाकडे गारगोटीच्या चापाच्या बंदुका होत्या. जमीनदारांच्या लोकांकडे तोड्याच्या बंदुका, तलवारी, भाले. जळता तोडा जपत, एका बारानंतर दुसऱ्यासाठी उघड्यावर थांबत ही माणसे कवायती फौजेसमोर उभी राहिली. त्यांच्या हाती रिव्हॉल्व्हर दिले की ती शूर राहत नाहीत, नुसती हरलेली दिसतात. शिकवणाऱ्यांनीच हे करावे याचे दुःख जास्त आहे.

पैशाचे कारण मला सांगू नये. सागाच्या मुलखात राहतो आपण. गावचा सुतार चित्र पाहून लाकडाची लांब बंदूक घडवतो, लोहार तिला पट्ट्या मारतो. ‘१८५७ ची अस्सल’ म्हणून विकतात त्या शोभेच्या पिस्तुलांच्या नादीही लागू नये. त्यांच्या चापावर लंडनच्या ‘टॉवर’चा शिक्का आणि मुकुट ठोकलेला असतो, आणि माल आपल्याच देशातल्या कारागिराने नुकताच बनवलेला असतो. इटलीत होणाऱ्या प्रतिकृती बऱ्या, पण तिथेही डोळे उघडे हवेत. कोल्टचे १८५१ चे नेव्ही ०.३६ व्यासाचे आणि लोखंडी सांगाड्याचे होते. पितळी सांगाड्याचे ०.४४ चे नेव्ही कोल्टने कधी बनवलेच नाही, तरी ते आज त्याच नावाने खपते. शिवाय काळी दारू घालून उडू शकणारी प्रतिकृती आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने अग्निशस्त्रच ठरते. जुन्या हत्याराला कलम ४५ ची सवलत आहे ती दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्याला. मंचावर लाकूडच शोभते.

खोटे आहे हे सांगण्यात कमीपणा नसतो. २०२४ मध्ये साताऱ्याला आलेल्या वाघनखांबद्दल व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतःच सांगितले की ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याला पुरावा नाही. आपल्याकडे मात्र नाशिकच्या अनंत कान्हेऱ्यांच्या देखाव्यातही चक्राचे रिव्हॉल्व्हर दिसते. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर झाडले गेले ते ब्राउनिंग होते, त्याची काडतुसे मुठीत बसतात, चक्र नसतेच. त्या पिस्तुलावरून तपास लंडनपर्यंत, सावरकरांपर्यंत गेला. ज्या हत्याराने खटल्याची दिशा ठरली, तेच देखाव्यात बदलतात.

दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या पुन्हा तारखा देऊ लागतील. सत्तावनचा प्रयोग लावणार असाल तर शिपायाला लांब लाकडी बंदूक द्या आणि गज द्या. वर्तमानपत्राच्या कागदाची काडतुसे वळा, आत राख भरा, नटाला ते टोक खरेच दाताने फाडू द्या. रिव्हॉल्व्हर एकट्या साहेबाकडे ठेवा, बार पाचच काढा. सहाव्याला घोडा नुसता वाजला पाहिजे.